बिबट्याचा हिशोब: जनावरं कुठे जातात, काय खातात आणि ते आपल्याला कसं कळतं

थंडी पडायला लागली की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ हमखास येतो. सीसीटीव्हीचा, काळपट, कोपऱ्यात वेळ पहाटे दोन-तीनची. कडेला लावलेल्या गाड्या, एक कुत्रं अंग मुडपून झोपलेलं, आणि डावीकडून लांब शेपटीचा एक प्राणी अजिबात घाई न करता चालत येतो. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर गेल्या हिवाळ्यात असाच आला. दहा मिनिटांत चाळीस मेसेज. "हा आपलाच रस्ता का?" "जुना आहे, पुण्याचा." "मुलांना सकाळच्या क्लासला कसं सोडायचं?" समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी लिहिलं, "वाट चुकला असेल बिचारा."

पेपरातले शब्दही ठरलेले. बिबट्या शिरतो, घुसतो, धुमाकूळ घालतो. या सगळ्या शब्दांनी, काकूंच्या 'बिचारा'नेसुद्धा, एक गोष्ट गृहीत धरलेली असते: याचं घर दुसरीकडे कुठेतरी आहे आणि हा तिथून भरकटलाय. ते खरं की खोटं, हे तपासता येतं. प्राणी कुठे जातात, काय खातात, कशाला टाळतात याचा माग काढणारं शास्त्र गेल्या साठेक वर्षांत भलतंच पुढे गेलंय. त्यातलं बिबट्यावरचं भारतातलं एक महत्त्वाचं काम तर सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात झालंय. (विदर्भातलं अकोला नव्हे. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले.)

रविवारची मिसळ आणि चार प्रश्न

जनावराच्या हालचालीकडे बघायची एक सोपी चौकट २००८ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या रॅन नेथन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कोणताही जीव जागचा हलला की चार गोष्टी विचारायच्या. का निघाला? चालण्या-उडण्याची कुवत किती? वाट कशी ओळखतो? आणि बाहेर परिस्थिती काय होती?

नाशिककराला हे समजायला एक रविवार सकाळ पुरे. भूक लागलीय, हे 'का'. गाडीत पेट्रोल किती, सोबत पोरं आहेत की नाहीत, यावर कुठवर जायचं ते ठरतं, ही कुवत. मखमलाबादकडे जाणारी आतली वाट कुठली, कुणाकडे नऊनंतर नंबर लागत नाही, हे डोक्यात पक्कं असतं. ही वाटेची जाण. पाऊस, मोर्चा, पाइपलाइनसाठी खोदलेला रस्ता ही बाहेरची परिस्थिती. चारांतलं एक बदललं तरी तोच माणूस भलत्याच हॉटेलात मिसळ खाताना सापडतो.

बिबट्याचंही हेच, हंसाचंही हेच. फरक इतकाच की माणसाला "इकडे कुठे?" असं विचारता येतं. जनावराला विचारायची सोय नाही, म्हणून सगळी खटपट.

भाल्यापासून जीपीएसपर्यंत

हिवाळ्यात पक्षी नाहीसे होतात ते जातात कुठे, हे युरोपातल्या लोकांना शतकानुशतकं उमगत नव्हतं. काही पक्षी तळ्याच्या चिखलात झोपतात, असं भली भली माणसं मानायची. १८२२ साली जर्मनीत क्लुट्झ गावाजवळ एक करकोचा सापडला. त्याच्या मानेत आरपार एक भाला घुसलेला होता आणि भाला आफ्रिकेतला होता. बिचारा तो घेऊन हजारो किलोमीटर उडत आला होता. पक्षी खंड ओलांडतात याचा असा ढळढळीत पुरावा क्वचितच कुणाला मिळाला असेल.

भाल्याची वाट बघत बसण्यापेक्षा आपणच खूण का करू नये? १८९९ साली डेन्मार्कमधले शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी पक्ष्यांच्या पायात नंबर कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ पासून हे काम हाती घेतलं. पण कड्याची अडचण पोस्टाच्या पाकिटासारखी. कुठे टाकलं आणि कुठे मिळालं एवढंच शिक्क्यावरून कळतं, मधला प्रवास कळत नाही. शिवाय पाकीट सापडायलाही लागतं.

१९६०च्या दशकात रेडिओ कॉलर आल्या. गळ्यातल्या पट्ट्यात एक छोटा ट्रान्समीटर, आणि हातात अँटेना धरून डोंगरावर भटकणारा एक दमलेला विद्यार्थी. टिकटिक मोठी येईल त्या दिशेला जनावर. आताच्या जीपीएस कॉलर म्हणजे गळ्यात बांधलेला मोबाइलच. ठरलेल्या वेळी पट्टा उपग्रहांकडून आपली जागा काढतो आणि मेसेज करून कळवतो. मोबाइलचं दुखणंही याला आहेच, बॅटरी. दर तासाला जागा विचारली तर पट्टा लवकर मरतो, दिवसातून चारदा विचारली तर जास्त टिकतो पण मधल्या वेळात काय घडलं ते निसटतं. शिवाय हल्ली त्यात हिसके मोजणारी चिप असते, मनगटी घड्याळात पावलं मोजणारी असते तीच. तिच्यावरून जनावर झोपलंय, चालतंय की झडप घालतंय हेसुद्धा ओळखता येतं.

"पण गळ्यात पट्टा बांधून त्याला त्रास होत नाही का?"

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर येतो आणि रास्त आहे. रूढ नियम असा की उपकरणाचं वजन जनावराच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. पन्नास किलोच्या बिबट्याला अर्ध्या किलोचा पट्टा एक टक्का होतो. आपल्या शाळकरी पोरांची दप्तरं याच हिशोबाने तोलली तर काय निघेल, तो विषय वेगळा. खरा धोका पकडण्याच्या आणि बेशुद्ध करण्याच्या वेळी असतो, म्हणूनच कॉलर लावलेली जनावरं मोजकीच असतात. पाच बिबट्यांवरून सगळ्या बिबट्यांबद्दल बोलायचं तर जपून बोलावं लागतं. पुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

हंसाचा घाट, ससाण्याचा समुद्र

थोडं बिबट्याला सोडून आकाशात जाऊ, कारण या शास्त्राची गंमत पक्ष्यांत जास्त दिसते.

पट्टकादंब नावाचा हंस उन्हाळा मंगोलिया-तिबेटकडे काढतो आणि हिवाळ्यात भारतात येतो. महाराष्ट्रात जायकवाडीला, उजनीला दिसतो. मध्ये हिमालय आहे. एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ की चांगला धडधाकट माणूस चार पावलांवर धापा टाकतो. जुनी समजूत अशी की हा हंस एकदा उंच चढतो आणि विमानासारखा सरळ पार होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हंसांच्या अंगातच हृदयाचे ठोके, हवेचा दाब आणि पंखांचे हिसके मोजणारी उपकरणं बसवली होती. निघालं उलटंच. हंस डोंगराच्या अंगाअंगाने जातात, दरी आली की खाली उतरतात, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतात. कमावलेली उंची अशी उधळायची आणि परत कमवायची, हे आतबट्ट्याचं वाटतं. पण विरळ हवेत तरंगत राहायलाच इतकी ताकद खर्च होते की उतरून पुन्हा चढणंच स्वस्त पडतं. कसारा घाटातून लोड घेऊन येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला हे लगेच पटेल. अंतर किती, याइतकंच डिझेल कुठे जास्त जळतं हेही तो बघतो.

दुसरा मानकरी अमूर ससाणा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखाद्या सफरचंदाएवढं. नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमची, सौरऊर्जेवर चालणारी उपकरणं बसवली. ते भारत आडवा पार करून अरबी समुद्रावर गेले आणि तीन हजार किलोमीटरहून जास्त पाणी न थांबता ओलांडून आफ्रिकेला पोचले. त्याच सुमारास स्थलांतर करणारे चतुर, म्हणजे मोठे ड्रॅगनफ्लाय, त्याच वाऱ्यावर समुद्र पार करतात आणि ससाण्यांना वाटेत शिदोरी मिळत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, त्याच दोयांगच्या परिसरात हे ससाणे जाळ्यांनी हजारोंच्या संख्येने मारले जात होते. पुढच्या हंगामात गावांनी ते थांबवलं. गावाचं नाव दिलेला एक ससाणा सोमालियाला पोचल्याची बातमी आल्यावर त्याला जाळ्यात घालणं अवघडच की.

नांदूरमधमेश्वरची पंगत

कोण कुठे जातो याच्या जोडीला कोण काय खातो हे लागतंच. त्यासाठी नाशिककराने लांब जायची गरज नाही. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. त्याच्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणथळ तयार झाली, ती आपली नांदूरमधमेश्वर. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून तिचं नाव जाहीर झालं. रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

जानेवारीत चापडगावच्या बाजूने सकाळी सातला उभे राहा. एकाच पाण्यात शेकडो पक्षी आणि भांडण जवळजवळ नाही. कारण प्रत्येकाचं ताट वेगळं. चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो, कढईत झारा फिरवावा तशी, आणि काही लागलं की मिटतो. थापट्या बदक पाण्याच्या वरच्या थरातून गाळून खातं. तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून तळातलं काढतं. शेकाट्या काठीसारख्या लांब पायांवर थोड्या खोल पाण्यात जाऊ शकतो, तिथे तुतारीला जमत नाही. मुग्धबलाकाच्या चोचीत मधोमध फट असते, तो शंखातली गोगलगाय बाहेर काढण्यात पटाईत. आणि काळे वारकरी पक्षी पाणवनस्पती खात दिंडीसारखे चाललेले. ज्याने त्यांना हे नाव दिलं त्याला माझा नमस्कार.

म्हणून पाण्याची पातळी दोन वीत वर-खाली झाली की पंगतीतली काही पानं उठतात. चोच किती लांब आणि पाणी किती खोल, यावर कोण राहणार आणि कोण उडून जाणार हे ठरतं. "यंदा पक्षी कमी आले" म्हणताना आधी बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडले ते विचारावं.

बोरीखालचा हिशोब

आता या शास्त्रातली मला सगळ्यात आवडणारी कल्पना. लहानपणी बोरं वेचायला गेला असाल तर ती तुम्हाला आधीपासून येते.

बोरीखाली गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत खिसा अर्धा भरतो. मग बोरं शोधावी लागतात. मग काट्यात हात घालावा लागतो. एका क्षणी वाटतं, चला, पुढच्या बोरीकडे. हा क्षण कधी येतो? पुढची बोर बांधापलीकडेच असेल तर लवकर येतो. ओढा ओलांडून अर्धा कोस जायचं असेल तर आपण हीच बोर शेवटपर्यंत खरवडतो. १९७६ साली एरिक चार्नोव्ह यांनी हे गणितात मांडलं: इथली मिळकत, जाण्यायेण्याचा वेळ धरून निघणाऱ्या सरासरीच्या खाली उतरली की निघावं. फुलावरची मधमाशी असो की कीटक टिपणारा पक्षी, बरेच प्राणी याच्या बऱ्यापैकी जवळ वागतात. त्यांना गणित येतं म्हणून नव्हे. ज्यांचा हा हिशोब सतत चुकला त्यांची पिल्लं मागे राहिली नाहीत म्हणून.

या हिशोबात आणखी एक रकाना असतो, भीतीचा. चांगली बोर विहिरीच्या काठावर असेल, किंवा खाली खवीस मालक बसला असेल, तर आपण कमी बोरांच्या झाडाकडे जातो. प्राण्याच्या डोक्यात जमिनीचा नकाशा असा दुहेरी असतो. कुठे पोट भरतं आणि कुठे जीव जातो.

अकोल्याच्या उसात

आता बिबट्याकडे परत. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, ऊस, भाजीपाला, वस्त्या. अभयारण्य नाही, हरणं नाहीत. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यामुळे फोटोंवरून मोजणी करता येते. २०१३ मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: शंभर चौरस किलोमीटरला साधारण ४.८ प्रौढ बिबटे, आणि जवळपास तितकेच तरस. माणसांवरचे हल्ले फारच थोडे. म्हणजे तिथले शेतकरी बिबट्यांसोबत राहत होते आणि बहुतेकांना ते कितीजण आहेत याचा पत्ता नव्हता.

मग ते खात काय होते? उत्तर विष्ठेत. ती धुऊन, वाळवून त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कारण प्रत्येक जनावराच्या केसाची वीण वेगळी असते. काम अजिबात देखणं नाही. पण पंचनाम्यापेक्षा विश्वासाचं. अकोल्याच्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्यांच्या खालोखाल मांजरं. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही फक्त ११ टक्के. बोरीखालचा हिशोब इथे लख्ख दिसतो. शेळी दिवसा राखणीत आणि रात्री गोठ्यात, म्हणजे ती विहिरीच्या काठावरची बोर. कुत्रं उकिरड्यावर, उघड्यावर, एकटं.

कॉलरच्या अभ्यासात, जो २०१४ मध्ये आला, एकूण पाच बिबटे होते, चार महाराष्ट्रातले आणि एक हिमाचलातला. रात्री ते तासाला सरासरी ३३९ मीटर सरकत, दिवसा ६० मीटर. दाट वस्तीच्या भागात राहणाऱ्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरापासून २५ मीटरच्या आतल्या होत्या. दिवसा एक टक्काही नाही. पंचवीस मीटर म्हणजे ओट्यापासून गोठ्यापर्यंतचं अंतर. जे पकडलेल्या जागेजवळच सोडले होते, त्यांचं संचार क्षेत्र, म्हणजे रोजच्या फिरण्याचा टापू, ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटर भरला. कलहारीसारख्या कोरड्या मुलखात नराला शेकडो चौरस किलोमीटर लागतात. इथे बोरी बांधाबांधावर आहेत, लांब जायचं कारणच नाही.

(नाशिक महापालिकेची हद्द अडीचशे चौरस किलोमीटरच्या पुढे आहे. कृपया भागाकार करून ग्रुपवर टाकू नका. अकोल्याचा आकडा अकोल्याचा आहे.)

"जंगल तोडलं म्हणूनच आले ना?"

हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं, बोलणाऱ्याचं मन चांगलं आहे हेही कळतं. पण अर्धंच खरं. दारणा, कादवा, गोदावरीच्या काठाने कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि बाराही महिने उभं राहणारं, माणसाहून उंच, आत गारवा असलेलं रान तयार झालं. उसात जन्मलेल्या, उसात वाढलेल्या मादीला जंगल म्हणून दुसरं काही ठाऊक नसतं. तिची वाट चुकलेली नाही. ती घरी आहे, आणि रात्री बाजाराला निघालीय.

शहरात बिबट्या दिसतो तो बहुतेकदा नदी-नाल्याकाठच्या झाडीच्या पट्ट्याने आलेला. वर सांगितलेल्या चार प्रश्नांत बसवून बघा. भूक आहे, कुवत आहे, एका रात्रीत काही किलोमीटर सहज, वाट नाल्याची, आणि बाहेरची परिस्थिती म्हणजे रात्रीची सामसूम, ओसंडलेला कचरा, त्यावरची कुत्री. घोटाळा होतो तो उजाडल्यावर. परतायच्या आत माणसांची वर्दळ सुरू झाली की तो जिना, पार्किंग, मोकळा बंगला मिळेल तिथे दडतो. मग गर्दी, शिट्ट्या, मोबाइल. तोवर हिशोबाने चाललेलं जनावर तिथून पुढे फक्त भीतीने चालतं, आणि माणसं जखमी होतात ती बहुधा याच तासा-दोन तासांत.

"मग पकडून लांब सोडा की"

मागणी अगदी स्वाभाविक. आणि करूनही बघितलेली. जुन्नरच्या भागात २००१ ते २००३ दरम्यान बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले, एकूण २९. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. सोडलेल्या जागांच्या आसपास वाढले आणि त्यांतलं जिवावर बेतण्याचं प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर गेलं.

असं का? तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधून रात्री तुम्हाला अनोळखी शहरात उतरवलं तर पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल? कुठलं हॉटेल चांगलं, कुठली गल्ली धोक्याची, काही माहीत नाही. कुवत तीच, भूक तीच, वाटेची जाण शून्य. शिवाय तिथे आधीचे बिबटे आहेतच, ते नव्याला थारा देत नाहीत. आणि इकडे रिकामी झालेली खोली फार काळ रिकामी राहत नाही, आसपासचा तरुण नर दोन-चार महिन्यांत भाडेकरू म्हणून येतो.

पुढे असाच उचलून सोडलेला 'आजोबा' हा बिबट्या बऱ्याच वाचकांना आठवत असेल. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला मोठा नर. कॉलर लावून त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथे राहिला नाही. मुंबई-आग्रा महामार्ग, कसाऱ्याचा रेल्वेमार्ग, वसईची औद्योगिक वसाहत, खाडी, सगळं मागे टाकत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला जाऊन स्थिरावला. सरळ रेषेत ८९ किलोमीटर, ३७ दिवसांत. वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो गेला. त्याच वर्षी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असं उचलून दुसरीकडे सोडणं शक्यतो टाळा, असं सांगितलं.

"आणि ज्यांची माणसं गेली त्यांनी काय करायचं?"

इथे मात्र शास्त्राच्या नावाखाली शहाणपण शिकवणाऱ्यांनी, माझ्यासकट, आवाज खाली घ्यावा. दारणाकाठच्या गावांनी लहान मुलं गमावलीत, म्हातारी माणसं गमावलीत. ज्या घरातलं पोर गेलं त्या घराला ८७ टक्के आणि ३९ टक्के सांगून काय उपयोग? माणसावर सवकलेला बिबट्या तातडीने कायमचा हटवावा लागतो, यावर अभ्यासकांचंही दुमत नाही. फक्त पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या तोच आहे का, हे ठिपक्यांवरून किंवा डीएनएवरून तपासायला हवं. नाही तर निरपराध आत आणि गुन्हेगार बाहेर. आणि मग गाव गाफील.

बाकीच्या उपायांत मला एक गोष्ट सगळ्यात मोठी वाटते आणि तिचा प्राणिशास्त्राशी वरवर काही संबंध नाही. शेतीला थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्री. बिबट्या तासाला ३३९ मीटर चालतो त्याच वेळेत शेतकऱ्याला बॅटरी घेऊन उसाला पाणी भरायला जावं लागतं. पाणी भरणारा माणूस वाकून काम करतो, बसून नाका बंद करतो. उभा माणूस बिबट्याला माणूस वाटतो, वाकलेला तितका वाटेलच असं नाही. दिवसा लाईट द्या ही मागणी शेतकरी किती वर्षं करतायत! ती बिबट्याच्या बैठकीतही पहिल्या क्रमांकावर यायला हवी. बंदिस्त गोठा, वस्तीवर उजेड, दारात संडास, उकिरड्याची विल्हेवाट हे त्याच्या खालोखाल. माद्यांच्या नसबंदीचीही चर्चा आहे. तिने झाला तर परिणाम सावकाश होईल. आज रात्री उसात जाणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही.

अकोले, इगतपुरी, सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवायचा, आमच्या गुराढोरांना सांभाळ म्हणायचं. वाघोबाचं दैवत जंगलाच्या तोंडाशी असतं, पण नैवेद्य खायला गुराखी पोरंही असतात आणि दुसऱ्या दिवशी गुरांबरोबर काठीही असते. हात जोडलेले, पण नजर शाबूत.

टोमॅटोचं कॅरेट

शेवटी एक पाहिलेलं सांगतो. दोन वर्षांमागे ऊसतोडणीच्या दिवसांत ओळखीच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, दारणाकाठच्या गावातून. टोळी कोयते टाकून बांधावर उभी होती. पाचटात बिबट्याची दोन बछडी, डोळे नुकते उघडलेले, मांजरीच्या पिल्लांएवढी, पण फिस्कारणं मात्र पूर्ण वाढलेल्याचं. मुकादम म्हणत होता, गोणीत घालून लांब सोडून येतो. वनविभागाची माणसं आली. त्यांनी पिल्लं तपासली, टोमॅटोच्या प्लॅस्टिक कॅरेटमध्ये ठेवली आणि कॅरेट बरोबर त्याच सरीत नेऊन ठेवलं. वर दुसरं कॅरेट अलगद पालथं घातलं, कोल्ह्या-कुत्र्यांपासून आडोसा म्हणून. समोर उसाला कॅमेरा बांधला आणि सगळ्यांना तिथून घालवलं.

आम्ही वस्तीवर चहा पीत बसलो. दिवस मावळला. शेतकरी घड्याळ बघत होता, कारण कारखान्याचा ट्रॅक्टर सकाळी येणार होता आणि तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं. त्याच्या बायकोने मात्र लेकरांना आत घेतलं, कडी लावली आणि म्हणाली, "येईल ती. आई हाय."

कॅमेऱ्यातलं सकाळी पाहिलं. रात्री साडेसातच्या सुमारास ती आली होती. आधी कॅरेटभोवती पूर्ण फेरी, मग पंधरा-वीस पावलं मागे जाऊन बसली, बराच वेळ, वस्तीच्या दिशेला कान करून. मग उठून पंजाने वरचं कॅरेट पाडलं, एका बछड्याला मानेला धरलं आणि गेली. दुसरं तिथेच ओरडत राहिलं. तासाभराने ती त्याच्यासाठी परत आली, या वेळी फेरी न मारता.

ती उरलेल्या उसातच गेली होती हे ठशांवरून दिसत होतं. शेतकऱ्याने मुकादमाशी बोलून तोड पलीकडच्या बांधापासून सुरू करायला लावली आणि मधला पट्टा दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी तोही तोडला. आत कुणी नव्हतं.